जुन्या बिलासाठी भट्टीवाला आपले इनगॉट अडवू शकतो का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की फाउंड्रीतला ॲल्युमिनियम ड्रॉस (वितळलेल्या धातूवर साचणारा, धातू मिसळलेला मळ) जॉबवर्कला, म्हणजे मजुरीवर गाळायला दिला, भट्टीवाल्याने तो गाळून इनगॉट (धातूच्या ओतीव विटा) पाडले, आता तो म्हणतो रिकव्हरी (ड्रॉसमधून निघालेला धातू) कमी आली आणि वर मागच्या वर्षीचं बिल थकलंय म्हणून आहेत ते इनगॉटही सोडत नाही.

अडवलेल्या मालाबाबत तुमची बाजू पक्की आहे. जॉबवर्कला दिला म्हणून मालाची मालकी बदलत नाही, करार कायदा 1872 च्या कलम 148 प्रमाणे हा निक्षेप, म्हणजे काम होईपर्यंत माल नुसता त्याच्या ताब्यात. कलम 170 त्याला माल अडवायचा हक्क देतं खरं, पण फक्त याच लॉटच्या मजुरीपुरता. जुन्या बाकीपोटी अडवायचा हक्क कलम 171 मध्ये बँका, अडते, विमा दलाल अशा मोजक्याच लोकांना दिलाय, त्यात भट्टीवाला नाही. फक्त तुमच्यात तसं लेखी ठरलेलं असेल तर गणित बदलतं, म्हणून जॉबवर्क ऑर्डरच्या मागची बारीक अक्षरंसुद्धा वाचा. मग या लॉटची मजुरी द्यायला तयार आहोत असं लेखी कळवून इनगॉट मागा. तो नाही म्हणाला की त्या तारखेपासून दाव्याची 3 वर्षांची मुदत सुरू होते.

रिकव्हरीचं मात्र अवघड आहे, हे स्पष्टच सांगतो. गरम ड्रॉस ढिगात तसाच पडू दिला तर आतलं ॲल्युमिनियम आपोआप जळत राहतं, आणि भिजला तर अमोनियाचा तो डोळ्यांत जाणारा वास सुटतो. तो म्हणणार, माल तुमच्याच शेडमध्ये खराब झाला, आणि तुमच्या चलनावर तर नुसतं वजन आहे, सँपल ठेवलेलं नाही. पण भट्टीतून निघालेला सॉल्ट केक (ड्रॉस मिठासोबत गाळल्यावर उरणारा गाळ) अजून त्याच्याकडे पडलाय असं तुम्ही लिहिलंय ना, मग आजच ईमेल करा की तो हलवू नका, दोघांसमोर सँपल काढून सील करू आणि लॅबला देऊ. त्यात धातू अडकून राहिलेला असतो, तो किती हे कळलं तर बोलायला काहीतरी हातात येईल, आणि तो केक एकदा गेला की पुरावाही गेला.

नोटीस पाठवायच्या आधी एक बघा. 2016 च्या नियमांत ॲल्युमिनियम ड्रॉस घातक कचऱ्यात मोडतो, त्यामुळे प्रदूषण मंडळाचं ऑथोरायझेशन दोघांकडे आहे का आणि माल फॉर्म 10 च्या मॅनिफेस्टवर (घातक कचऱ्यासोबत जाणारा कागद) गेला होता का हे तपासा, कारण वाद वाढला की समोरचा वकील पहिलं तेच काढतो. आणि जीएसटीत जॉबवर्कचा माल 1 वर्षात परत यावा लागतो, चलनाची तारीख आत्ताच काढून ठेवा.