कँटीनमधली टायफॉइडची लस: सक्ती कुठवर?

प्रश्न: चाकणजवळच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मी चार वर्षं पोळ्या करते. ठेकेदार म्हणतो, टायफॉइडचं इंजेक्शन घेतल्याचा कागद सोमवारपर्यंत आणा, नाहीतर येऊ नका. लशीचे पैसे त्याने मागच्या पगारातूनच कापलेत. मला पूर्वी एका इंजेक्शननंतर अंगभर गांधी उठून श्वास कोंडला होता. लशीची सक्ती करता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलंय ना?

उत्तर: ताई, तो निकाल तुमच्या उपयोगी पडेल असं मला वाटत नाही, हे आधीच सांगते. जेकब पुलियेल खटल्यातला 2 मे 2022 चा तो निकाल कोविडच्या लशीबद्दल आहे. मनाविरुद्ध कुणाला लस टोचता येणार नाही आणि लस न घेणाऱ्यांवरची बंधनं त्या वेळच्या परिस्थितीत प्रमाणाबाहेर आहेत, असं कोर्टाने म्हटलं. पण लोकांच्या आरोग्यासाठी वाजवी बंधनं घालायचा सरकारचा अधिकार कोर्टाने मान्यच केला.

तुमच्या कामाला अन्नसुरक्षा परवान्याचे 2011 चे नियम लागतात. त्यातली अनुसूची 4 सांगते की, अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, त्यांना टायफॉइड गटातल्या रोगांवरची लस दिलेली असावी आणि त्याची नोंद ठेवावी. मला हा नियम रास्त वाटतो. ताप नसलेल्या माणसाच्या पोटातही हे जंतू राहू शकतात, आणि तुमच्या हातची पोळी कारखान्यातली अख्खी पाळी खाते.

मात्र ही सगळी व्यवस्था करायची जबाबदारी परवानाधारकाची आहे, तुमची नाही. कँटीनच्या भिंतीवर अन्नपरवाना लावलेला असेल, चौदा आकडी नंबरचा. त्यावर नाव ठेकेदाराचं आहे की कंपनीचं, ते बघा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पगारातून कशाकशाचे पैसे कापता येतात ते कायद्याने ठरवून दिलंय. या लशीचा खर्च तुम्हाला न विचारता कापणं त्यात बसत नाही. ते पैसे परत मागा. नाही मिळाले तर पगाराची पावती घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करा.

आता गांधी उठल्याचं. मला सगळ्यात काळजी याचीच वाटते. सोमवारच्या धाकाने घाईघाईत इंजेक्शन घेऊ नका. तेव्हा कुठलं औषध टोचलं होतं, त्याचा जुना केसपेपर शोधा. नाही सापडला तरी डॉक्टरांना सगळं नीट सांगा. ही लस तुम्हाला चालेल की नाही, हे त्यांनी ठरवायचं, मी नाही आणि ठेकेदाराने तर नाहीच. चालेल म्हणाले तर त्यांच्या देखरेखीखाली घ्या. चालणार नाही म्हणाले तर तसं लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या.

लस न घेणाऱ्याला कामावरून काढा, असं अनुसूची 4 मध्ये कुठेही नाही. म्हणून ठेकेदाराला आजच साधा अर्ज द्या: मी तपासणीला तयार आहे, पूर्वी रिअॅक्शन आली होती म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यापुरती मुदत द्या, आणि लस चालत नसेल तर अन्नाला हात न लागणारं काम द्या. एक प्रत कंपनीच्या एचआरला द्या, कारण ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी कंपनीवर येते. दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. सही द्यायला नकार दिला तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. सोमवारी मात्र नेहमीच्या वेळेला गेटवर हजर राहा, म्हणजे तुम्हीच काम सोडलंत असं त्याला म्हणता येणार नाही.