डिझाइन शिकतोयस? मग सीएसएसला हात घालच

तू विचारलंस, डिझाइनर व्हायचं तर कोडिंग यायलाच हवं का. जावास्क्रिप्टचं (पानाला हलतं-बोलतं करणारी भाषा) सध्या राहू दे. पण एचटीएमएल (वेबपानाचा सांगाडा लिहायची भाषा) आणि सीएसएस (त्याचं रंगरूप आणि मांडणी ठरवणारी भाषा) हाताखालून घाल, कारण डिझाइन आणि कोडिंग ही दोन्ही कामं नेमकी सीएसएसमध्येच एकमेकांत मिसळतात.

माझंच सांगतो. सुरुवातीला फिग्मात (डिझाइन काढायचं अॅप) एक फॉर्म केला होता, बटणावर 'सबमिट'. चित्रात झकास! प्रत्यक्षात तिथे 'अर्ज दाखल करा' आलं आणि मजकूर बटणाबाहेर सांडला. त्यात ओळींची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवलेली, म्हणजे वरच्या ओळीतले उकार खालच्या रफार-वेलांट्यांना जाऊन भिडले. यावर प्रोग्रामरशी दोन दिवस भांडलो. (चूक माझीच होती.) बटणाला ठरावीक रुंदी न देता पॅडिंग (मजकुराभोवतीची आतली मोकळी जागा) द्यायचं आणि लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या १.२ पट ऐवजी १.६ पटीच्या आसपास न्यायची, एवढंच हवं होतं.

रंगांचंही तसंच. फिकट राखाडी अक्षरं देखणी दिसतात, पण साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (फिक्या-गडदपणातला फरक) हवा.

आज एवढंच कर: कॉम्प्युटरवर आवडती साइट उघड, राइट क्लिक, 'इन्स्पेक्ट', आणि नुसतं मार्जिन (घटकाबाहेरची मोकळी जागा) बदलून बघ. बिनधास्त मोडतोड कर, रिफ्रेश केलं की सगळं जागेवर येतं.