जुना वायरचा हेडसेट नव्या फोनला लावल्यावर माइक का चालत नाही?

आपल्या हेडसेटमध्ये आवाज पोकळ येतो, समोरच्याला आपले बोलणे ऐकू जात नाही, मात्र माइकचे बटण दाबून धरताच आवाज स्वच्छ होतो, असे आपण लिहिले आहे. या शेवटच्या खुणेवरून हेडसेट बिघडलेला नसून त्याच्या पिनेची जोडणी फोनशी जुळत नाही, असे जवळजवळ निश्चित म्हणता येते; तेव्हा तो कृपया टाकून देऊ नये.

माइक असलेल्या ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर तीन काळ्या कड्यांनी वेगळे केलेले धातूचे चार भाग असतात. टोकाकडचे दोन भाग डाव्या आणि उजव्या कानासाठी असतात. उरलेल्या दोहोंपैकी तिसरा ग्राउंडचा, म्हणजे विद्युतप्रवाहाच्या परतीच्या सामाईक तारेचा, व चौथा माइकचा, ही आजच्या बहुतेक फोनमधील ‘सीटीआयए’ पद्धत होय, तर नोकियाच्या अनेक जुन्या फोनमध्ये असलेल्या ‘ओएमटीपी’ पद्धतीत हाच क्रम उलटा असतो. बटण दाबल्यावर माइकची तार ग्राउंडला जोडली जाते, आणि म्हणूनच तेवढ्यापुरता आवाज सुधारतो.

हे दोन भाग आपसांत बदलणारा लहानसा अडॅप्टर लावल्यास आपला हेडसेट पूर्ववत चालेल. फोनला गोल जॅकच नसेल, तर डिजिटल संकेताचे ध्वनीत रूपांतर करणारी चिप, म्हणजेच ‘डॅक’, असलेला टाइप-सी अडॅप्टर घ्यावा, कारण चिप नसलेले स्वस्त अडॅप्टर सर्व फोनवर चालत नाहीत.