रोझेशियामुळे गालांवर येणारी लाली आयपीएलने कायमची जाते का?

परभणीच्या उन्हातून आल्यावर आईंचे गाल तासन्‌तास लाल राहतात, तेव्हा आयपीएल (त्वचेवर तीव्र प्रकाशाचे झोत टाकण्याचा उपचार) करून घ्यावे का, असे आपण विचारले आहे. रोझेशिया हा त्वचेचा दीर्घकाळ चालणारा दाह आहे. तो आटोक्यात राहतो, समूळ जात नाही. रक्तातील हिमोग्लोबिन आयपीएलचा प्रकाश शोषून घेते, त्या उष्णतेने फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि लाली व जाळीसारख्या रेषा फिकट होतात. पुळ्यांसाठी मात्र सहसा मेट्रोनिडॅझोल किंवा आयव्हरमेक्टिनचे मलम दिले जाते. आपल्याकडील सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्यही तोच प्रकाश शोषत असल्याने भाजण्याचा आणि काळे डाग पडण्याचा धोका असतो, म्हणून अशा त्वचेला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर तुलनेने सुरक्षित मानला जातो. हे काम पार्लरमध्ये नव्हे, त्वचारोगतज्ज्ञांकडेच करावे. साधारण ३ ते ५ सत्रे, ३-४ आठवड्यांच्या अंतराने, लागतात. ऐन मे महिन्यात ती सुरू न केलेली बरी. चुलीची धग, वाफाळता चहा, झणझणीत ठेचा यांपैकी नेमके काय भोवते, याची आईंनी वहीत नोंद ठेवावी. दुकानातून ‘गोरेपणासाठी’ आणलेले एखादे स्टेरॉइडयुक्त मलम चालू असेल (अनेक घरांत ते असते), तर ती ट्यूब आधी डॉक्टरांना दाखवावी.