कपड्यांचा ब्रँड काढतेयस, तर आधी शिलाईचा हिशेब कर

अगं, लेबलवर ‘पर्यावरणपूरक’ म्हणून पानाचं चित्र छापण्याआधी तुझ्या कारागिराचा पीस रेट, म्हणजे नगामागची मजुरी, तासांत मोड. एका कुर्त्याला किती वेळ लागतो, ते मशीनशेजारी बसून घड्याळावर बघ. दिवसाची कमाई सरकारी किमान वेतनाखाली जात असेल, तर कापड कितीही सेंद्रिय असो, गणित चुकलंय.

मी स्वतः केलेला घोळ सांगते. दिवाळीच्या चार दिवस आधी कॉलर बदलायला लावली. मास्तर काहीच बोलले नाहीत, पण दोन रात्री युनिटमधला दिवा विझला नाही. तेव्हापासून कटिंग सुरू झालं की डिझाइनमधले बदल बंद, आणि चूक माझी असेल तर उसवण्याचेही पैसे वेगळे. २०१३ मध्ये ढाक्याजवळच्या राणा प्लाझा या कपड्यांच्या कारखान्यांच्या इमारतीत भिंतींना तडे दिसल्यावरही दुसऱ्या दिवशी कामगारांना आत बोलावलं. इमारत कोसळली, ११०० हून जास्त माणसं गेली. ऑर्डरच्या घाईचं ओझं शेवटी कोणावर पडतं, ते तिथे दिसलं.

कापड ‘ऑरगॅनिक’ म्हणून घेताना गॉट्सचं (GOTS, सेंद्रिय कापडाचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणपत्र माग. गिरणीच्या प्रमाणपत्राची नुसती झेरॉक्स दाखवतील. तुझ्या मालाचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, म्हणजे तू घेतलेल्या त्याच मालाचा दाखला, हवं. ‘ऑरगॅनिक’ लेबलला किमान ९५ टक्के सेंद्रिय धागा लागतो, ‘मेड विथ ऑरगॅनिक’ला ७०.

चिंध्यांच्या पिशव्या हसण्यावारी नेऊ नकोस. सुती वेगळ्या, पॉलिस्टर वेगळ्या ठेव. सुती तुकडे गोधडी शिवणाऱ्या बायका आनंदाने घेतात. आणि पहिली बॅच तीसच नगांची कर. न खपलेला माल पडून राहतो, तोही कचराच.