अँड्रॉइड अ‍ॅप लिनक्सवर चालवण्यासाठी इम्युलेटर लागतोच का?

तुम्ही विचारले आहे की, लिनक्स असलेल्या लॅपटॉपवर अँड्रॉइडचे अ‍ॅप चालवायचे तर इम्युलेटरच (म्हणजे दुसऱ्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम) घ्यावा लागतो, की विंडोजच्या प्रोग्रॅमसाठी जसे वाइन आहे तसे काही मिळते. इम्युलेटर लागत नाही, वेड्रॉइड नावाच्या प्रोग्रॅमने काम भागते. मात्र ते वाइनच्या पद्धतीने चालत नाही आणि तुम्हाला पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या फरकातच आहे.

वाइनचे काम १९९३ पासून चालू आहे. विंडोजचा प्रोग्रॅम फाइल उघडण्यासाठी किंवा विंडो दाखवण्यासाठी जी फंक्शन्स वापरतो, ती वाइनच्या मंडळींनी एकेक करून नव्याने लिहिली. अँड्रॉइडसाठी हा खटाटोप करावा लागत नाही, कारण त्याच्या तळाशी लिनक्सचेच कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आहे. वेड्रॉइड अख्खी अँड्रॉइड प्रणाली एका कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी प्रणालीपासून वेगळ्या कप्प्यात, ठेवून तुमच्याच कर्नलवर सुरू करते. त्यासाठी वेलँड (लिनक्सवर पडद्यावर विंडो दाखवणारी व्यवस्था) सेशन लागते आणि कर्नलमध्ये बाइंडर असावे लागते. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅपला कॅमेरा हवा असो की लोकेशन, ती मागणी बाइंडरमार्फतच संबंधित सेवेपर्यंत जाते. त्यामुळे बाइंडर नसेल तर प्रणाली सुरूच होत नाही.

खरी अडचण प्रोसेसरची असते. मी एक अ‍ॅप इन्स्टॉल करायला गेलो तेव्हा ते लगेच नाकारले गेले. एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल, ही मुळात झिप फाइलच असते, म्हणून ती उघडून पाहिली, तर आतल्या 'लिब' फोल्डरमध्ये केवळ ६४-बिट एआरएमसाठीच्या, म्हणजे बहुतेक फोनमध्ये असणाऱ्या प्रोसेसरसाठीच्या, लायब्ररी (तयार कोडच्या फाइली) होत्या आणि माझा लॅपटॉप एक्स८६, म्हणजे इंटेल-एएमडी पद्धतीच्या, प्रोसेसरचा. अशा वेळी लिबहूडिनीसारखा अनुवादक वेड्रॉइडमध्ये बसवावा लागतो. तो एआरएमच्या सूचना चालता चालता एक्स८६ मध्ये बदलून देतो, पण वेग कमी होतो आणि काही अ‍ॅप मध्येच बंद पडतात. ज्या एपीकेत 'लिब' फोल्डरच नसते, म्हणजे जे अ‍ॅप निव्वळ जावा किंवा कॉटलिनमध्ये लिहिलेले असते, त्याला ही अडचण येत नाही. म्हणून इन्स्टॉल करण्याआधी एपीके उघडून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. दोन मिनिटांच्या या तपासणीने पुष्कळ मनस्ताप वाचतो.

बँकेच्या अ‍ॅपची मात्र आशा धरू नका. उपकरण प्रमाणित आहे की नाही हे अशी अनेक अ‍ॅप तपासतात आणि कंटेनरमधले अँड्रॉइड त्या तपासणीत सहसा नापास होते. ही तपासणी चुकवण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात, पण जिथे पैशांचा प्रश्न आहे तिथे त्या वापरणे मला अजिबात योग्य वाटत नाही. ते काम फोनवर किंवा ब्राउझरमध्येच करावे.

तुमच्या लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचे कार्ड त्याच कंपनीच्या बंदिस्त ड्रायव्हरवर चालत असेल, तर वेड्रॉइडला सहसा त्याचा उपयोग करून घेता येत नाही आणि चित्र रंगवण्याचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो. साधी अ‍ॅप तरीही नीट वापरता येतात, गेम मात्र अडखळतात. इंटेल किंवा एएमडीचे ग्राफिक्स असेल तर सहसा वेगळे काही करावे लागत नाही.