‘आता बस’ हे गेस्टला कसं सांगायचं?

प्रश्न : ताई, मी एका बारमध्ये नवीनच स्टुअर्ड म्हणून लागलोय. परवा एक गेस्ट तीन पेगपर्यंत एकदम नॉर्मल होता, गप्पा, जोक सगळं चालू, मग चौथा दिला, पाठोपाठ पाचवा, आणि थोड्या वेळात त्याला उभंच राहता येईना. कॅप्टन (आम्हा स्टुअर्ड म्हणजे वेटर लोकांचे वरिष्ठ) म्हणतात गेस्ट मागेल ते द्यायचं, मॅनेजर म्हणतात तुला दिसत नव्हतं का. ओळखायचं कसं आणि नाही म्हणायचं तर कोणत्या शब्दांत?

उत्तर : तुला दिसणारच नव्हतं रे. दारू घशाखाली गेल्या गेल्या चढत नाही, रक्तातलं प्रमाण टोकाला जायला साधारण अर्धा ते दीड तास लागतो आणि पोट भरलेलं असेल तर आणखी जास्त, म्हणजे तिसऱ्या पेगला तू जो माणूस बघत होतास तो पहिल्या पेगचा होता. लिव्हर तासाला अंदाजे 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोल संपवतं आणि 40 टक्क्यांच्या 30 मिलि पेगमध्ये साडेनऊ ग्रॅम असतं. तासाभरात पाच दिलेस तर चार रांगेत उभेच आहेत! शिवाय रोज पिणाऱ्याचे पाय लवकर लटपटत नाहीत, म्हणून चेहऱ्यावर भरवसा ठेवू नकोस. टेबलवर किती गेलं आणि किती वेळात गेलं ते केओटीवर, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठीवर, टाइम टाकून मोज. आणि मोजताना बीअरला ‘बीअरच तर आहे’ म्हणून सोडू नकोस, 8 टक्क्यांचा 500 मिलिचा कॅन म्हणजे असे तीन पेग होऊन वर थोडी उरते.

नाही म्हणायची वेळ येण्याआधी तुझ्या हातात बरंच असतं. न मागता पाणी ठेव, खायचा मेनू पुढे कर, ग्लास रिकामा व्हायच्या आत ‘सर रिपीट?’ विचारू नकोस आणि ‘लार्ज करू का’ हे तर अजिबात नको. आवाज चढला, तीच गोष्ट परत सांगायला लागला, सुट्टे पैसे मोजताना गडबडला की आधी कॅप्टन आणि बारटेंडरला सांग, नाहीतर तू नाही म्हणतोस आणि तो काउंटरवर जाऊन घेऊन येतो, झालं मग.

मग बाजूला वाकून, हळू आवाजात, मित्रांसमोर तमाशा न करता, ‘सर, ड्रिंक्स मी इथे थांबवतोय, पाणी आणतो, गाडी बोलवू का?’ एवढंच. ‘तुम्हाला चढलीये’ म्हणालास की भांडण ठरलेलं, कारण चढलेल्या माणसाला ते कधीच पटत नाही. हातातला ग्लास ओढू नकोस, ‘बरं एक शेवटचा’ असला सौदा करू नकोस. टेबलवर एखादा शुद्धीतला मित्र असतोच, त्याला खुणेने बाजूला घे, अर्धं काम तो करतो. पाणी मिसळून पेग द्यायची आयडिया कोणी देईल, ती सरळ फसवणूक आहे.

कॅप्टनच्या ‘मागेल ते द्यायचं’चं म्हणशील तर इंग्लंड-वेल्समध्ये 2003 च्या लायसन्सिंग कायद्याने नशेतल्या माणसाला जाणूनबुजून दारू विकणं गुन्हा आहे आणि तो विकणाऱ्या कर्मचाऱ्यावरही लागतो. तुझ्याकडचा नियम मॅनेजरकडून लेखी माग. नाही म्हटलंस की वेळेसकट रजिस्टरमध्ये लिही.

प्रश्न : आमच्याकडे जास्त झालेल्याला ब्लॅक कॉफी पाजून गाडीची चावी देतात. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. कॉफीने झोप उडते, नशा नाही. उलट त्याला वाटतं मी ठीक आहे आणि तेच जास्त डेंजर. थंड पाण्यानेही काही होत नाही, लिव्हरचा स्पीड तोच राहतो. चावी घ्या, गाडी बोलवा, सोबत कोणीतरी द्या.

प्रश्न : गेस्ट टेबलवरच झोपला तर झोपू द्यावं का?

उत्तर : आधी हाक मारा, खांदा हलवा. जागा झाला, नीट बोलला तर ठीक, तरी एकटा सोडू नका, कारण पोटातली दारू झोपेतही रक्तात चढत राहते. जागाच होत नसेल, दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांपेक्षा जास्त गॅप पडत असेल, ओठ निळसर किंवा अंग गार लागत असेल तर लगेच अँब्युलन्स, मालकाला विचारत बसू नका. तोपर्यंत कुशीवर वळवून ठेवा, उताणा असताना उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. तोंडात पाणीसुद्धा घालू नका. किती प्यायला आणि सोबत झोपेची गोळी वगैरे घेतली होती का, हे मित्रांना विचारून अँब्युलन्सवाल्यांना सांगा, केओटी तिथे कामाला येते.